उजवं की डावं?

एका रविवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडीचं हाड होतं. मेथीची जुडी निवडायला ठेवतात तसं, वर्तमानपत्रावर आडवं. शेजारी नडगी, तिच्या अंगाला लागून तिची बारकी बहीण, आणि लोणच्याच्या बरणीला टेकून उभा असलेला एक खवाटा. आई पूजा आटपून बाहेर आली, टेबलाकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "कोणाचं आहे?"

प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

माझी भाची डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला आहे. बहिणीचं घर बोरिवलीला आणि भाचीचं कॉलेज मध्य रेल्वेच्या बाजूला, त्यामुळे परीक्षा जवळ आली की तिचा मुक्काम आमच्याकडे मुलुंडला. या खेपेला ती एकटी आली नव्हती.

"आजी, हा हाफ सेट आहे. सीनियरकडून घेतलाय."

"हाफ म्हणजे?"

"एकाच बाजूचा हात आणि एकाच बाजूचा पाय. दुसरी बाजू कशाला हवी? सारखीच असते."

"मग ती कुठंय?"

"मैत्रिणीकडे. डोंबिवलीला."

आईनं क्षणभर विचार केला. "म्हणजे अर्धा मुलुंडला नि अर्धा डोंबिवलीला! जिवंतपणी गाडीचे हाल काढले असतील बिचाऱ्यानं, आता मेल्यावरही सुटका नाही."

शेवटी तडजोड झाली. हाडं जेवणाच्या टेबलावरून इस्त्रीच्या टेबलावर गेली, लोणच्याच्या बरणीत तुळशीचं पान पडलं, आणि आई येताजाता त्या मांडीच्या हाडाला नकळत नमस्कार करू लागली. पाहुणा म्हटल्यावर तेवढं करावंच लागतं.

आता हे मांडीचं हाड शरीरातलं सगळ्यात लांब. माणसाच्या उंचीच्या साधारण पाव भाग. म्हणजे चांगलं दीड फूट. ते कुठल्याही कॉलेजच्या सॅकमध्ये पुरतं मावत नाही. भाची ते रुमालात गुंडाळून आणते, तरी त्याचं गोल डोकं चेनमधून बाहेर डोकावतं. लेडीज डब्यात एका बाईंनी विचारलं, "काय गं, मुसळ का?" भाचीनं खरं ते सांगितलं. त्यानंतर विक्रोळीपासून मुलुंडपर्यंत तिच्या चारी बाजूंना हातभर मोकळी जागा होती. सव्वीस वर्षं या मार्गावर पास काढतोय. एवढी जागा मला कधी मिळालेली नाही.

हल्ली प्लॅस्टिकचे सांगाडेही मिळतात. पण भाचीचं म्हणणं, अस्सल हाडावर स्नायू कुठं चिकटले होते त्याच्या खुणा बोटाला लागतात, तशा प्लॅस्टिकवर लागत नाहीत. एकेकाळी आपल्या देशातून, मुख्यतः कोलकात्याहून, हे सांगाडे जगभरच्या कॉलेजांना जायचे. १९८५ साली सरकारनं ती निर्यात बंद केली. तेव्हापासून आपली हाडं आपल्याच देशात झिजतात.

तर परीक्षा. तोंडी परीक्षेत म्हणे सर एक हाड उचलून हातात देतात आणि पहिला प्रश्न विचारतात: उजवं की डावं? इथं चुकलात तर पुढचं काही विचारत नाहीत. बी. डी. चौरसियांच्या पुस्तकाचा पहिला खंड हाताचा आणि छातीचा, दुसरा पायाचा आणि पोटाचा. दोन्ही खंड तिच्या उशाशी, आणि समोर सरावाला मी. "मामा, हात पुढे कर. आता उलटा कर. आता तसाच धर." चहाचा कप बशीत निवत असायचा आणि ती माझ्या मनगटातली आठ हाडं मोजत असायची. आठ! सुपारीएवढाली आठ हाडं, दोन रांगांत, गर्दीच्या वेळच्या तिकीट खिडकीसमोर उभी असल्यासारखी एकमेकांना खेटून. आजवर मी मनगट म्हणजे घड्याळ बांधायची जागा समजत होतो.

तिच्याकडूनच कळलं की अंगात २०६ हाडं. त्यातली ८० मधल्या खांबाची: कवटी, कणा, छातीचा पिंजरा. उरलेली १२६ हातापायांची आणि ती ज्यांना अडकवलेली असतात त्या दोन पट्ट्यांची. आपण भाषणं करतो ती सगळी कण्यावर. कणा ताठ हवा, कणा विकू नका. पण भाषा खरी राबते ती हातापायांवर. आम्ही कोपराला गूळ लावतो, कोपरापासून नमस्कार करतो, गुडघ्याला बाशिंग बांधतो, एखाद्याची अक्कल गुडघ्यात आहे असं जाहीर करतो, खांद्याला खांदा लावतो आणि शेवटी तोच खांदा द्यायलाही जातो. आणि माकडहाड, ज्यावर आम्ही सगळे पावसाळ्यात एकदा तरी आपटतो, ते या १२६ मध्ये येतच नाही. ते कण्याचं शेपूट. इतकं बदनाम हाड निघालं शेवटी वरच्या वर्गातलं.

आमच्या मजल्यावर एक निवृत्त वैद्यकाका राहतात. २०६ हा आकडा ऐकून ते दुखावले. "सुश्रुतानं तीनशे सांगितलीत." भाचीनं फणकाऱ्यानं फोन काढला, काकांनी कपाटातून ग्रंथ काढला, आणि रात्री साडेनऊला आमच्या दिवाणखान्यात हाडांची मोजदाद झाली. सुश्रुत दात धरतो, कूर्चा धरतो, म्हणून त्याचा आकडा फुगतो. पण हातापायांत त्यानं १२० हाडं सांगितलीत, एकेका हातात किंवा पायात तीस. भाचीनं आपल्या पुस्तकातून बेरीज केली. दंडाचं एक, पुढच्या हाताची दोन, मनगटाची आठ, तळहाताची पाच, बोटांची चौदा: तीस. पायाचीही तीस. चोक एकशेवीस! काकांनी ग्रंथ मिटला आणि विजयी मुद्रेनं चहा मागवला. वरची सहा कुठली? दोन खवाटे, दोन गळ्याखालची, दोन खुब्याची. खांद्याचा आणि कमरेचा हा ऐवज सुश्रुतानं धडाच्या खात्यात मांडलाय. वाद मिटला तो असा, हिशेबनिसाच्या चुकीवर नव्हे, खात्यांच्या नावावर.

या सहा हाडांच्या दोन पट्ट्यांना मराठी पुस्तकात अंसमेखला आणि श्रोणिमेखला म्हणतात. मेखला म्हणजे कमरपट्टा. कमरेला कमरपट्टा समजू शकतो, पण खांद्याला कमरपट्टा घालणाऱ्या पंडितानं कधी गाडीत उभं राहून प्रवास केलेला नसणार. केला असता तर त्यानं खांद्याच्या पट्ट्याला 'लटकंती' म्हटलं असतं. हे मी तेव्हा गमतीत म्हणालो. पुढच्याच आठवड्यात ते अंगावर आलं.

मुलुंड ते घाटकोपर गाडी, घाटकोपर ते अंधेरी मेट्रो, हा माझा रोजचा मार्ग. ८ जून २०१४ ला मेट्रो सुरू झाली, त्याआधी दादरला उतरून, पूल चढून, पश्चिमेची गाडी पकडून अंधेरीला जायचो. या सगळ्या वर्षांत मी धावत्या गाडीत चढलो, दांड्याला लोंबकळलो, भांडुपला एकाच्या टिफिनवर बसलो. हाड मोडलं नाही. मोडलं कधी? जुलैत, सोसायटीच्या आवारात, पाण्याच्या टाकीशेजारी, शेवाळावर. तेही दूध आणताना. उजव्या खांद्यावर पडलो. दुधाची पिशवी शाबूत राहिली, गळ्याखालून 'कट्' असा आवाज आला. बिस्कीट मोडल्यासारखा, फार मोठा नाही. मला वाटलं कुणाचं तरी काही तरी मोडलं.

डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली. गळ्याखालचं आडवं हाड, कॉलर बोन, मधोमध मोडलेलं. आतलं टोक वर उचललेलं, बाहेरचं खाली लोंबलेलं.

"आतल्या टोकाला मानेचा स्नायू वर ओढतो," डॉक्टर म्हणाले, "आणि बाहेरच्या टोकाला सगळा हात खाली ओढतो. म्हणून दोन टोकं एका पातळीत राहत नाहीत."

मी अंधेरीला नोकरी करणारा माणूस. माझ्या तोंडून निघून गेलं, "गोखले पूल आणि बर्फीवाला!"

डॉक्टर आधी दचकले. मग इतके हसले की बाहेर बसलेल्या पेशंटांना वाटलं, आत चांगली बातमी आहे. तेही रोज अंधेरीतून जात असणार. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या गोखले पुलाची एक बाजू उघडली तेव्हा अख्ख्या मुंबईनं बघितलं होतं: नवा पूल वर, त्याला जोडायचा बर्फीवाला उड्डाणपूल खाली, आणि मध्ये हवा. मग जॅक लावून खालचा उचलला आणि जुलैत दोघे एका पातळीत आले.

"मलाही जॅक लावणार?"

"नाही. तुमचं आपलं आपण जुळतं. पट्टा बांधायचा, झोळीत हात ठेवायचा, सहा आठवडे. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही." फिल्म पाकिटात घालताना ते म्हणाले, "पुलांना ही सोय नाही."

पट्टा म्हणजे इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, दोन्ही खांद्यांवरून पाठीत येऊन आवळलेला. तो घातला की माणसाची छाती आपोआप पुढे येते. सव्वीस वर्षं कमरेतून वाकून कॉम्प्युटरकडे बघणारा मी अचानक परेडला उभा असल्यासारखा दिसू लागलो. बायको म्हणाली, "लग्नात असा उभा राहिला असतात तर फोटो बरे आले असते."

भाचीला आनंद लपवता येईना. शिकवणीसाठी मामाचं हाड घरबसल्या मोडलं होतं! झोळीतला माझा हात बघत ती रोज एक नवी गोष्ट सांगू लागली. हे हाड म्हणे आईच्या पोटात सगळ्यांच्या आधी तयार व्हायला लागतं, पाचव्या-सहाव्या आठवड्यात. आणि पूर्ण व्हायला लागतात पंचविसेक वर्षं. म्हणजे नोकरीला सगळ्यांच्या आधी लागला आणि कायम सगळ्यांच्या नंतर झाला. आमच्या ऑफिसात असे तिघे आहेत.

पण खरी चाट मी पडलो ती पुढच्या माहितीनं. हात धडाला हाडानं हाड असा जोडलेला असतो फक्त एकाच जागी. गळ्याच्या खाचेजवळ, जिथं हे हाड छातीच्या मधल्या हाडाला टेकतं, तिथं. बोट लावून बघा. छोटासा सांधा हाताला लागेल. बाकी काही नाही. मागचा खवाटा बरगड्यांवर नुसता तरंगत असतो, सतरा स्नायूंनी धरून ठेवलेला. दंडाचं गोल डोकं ज्या खळग्यात बसतं तो खळगा इतका उथळ की बशीत ठेवलेलं लिंबू म्हणावं. म्हणूनच हात वाटेल तिकडे फिरतो, आणि म्हणूनच निखळतोही पटकन.

मी दांड्याला लोंबकळत होतो तेव्हा माझा हात माझ्या अंगाला लोंबकळत होता, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

खाली कमरेत कारभार वेगळा. खुब्याची दोन हाडं मागं कण्याला घट्ट बसवलेली, पुढं एकमेकांना जोडलेली. प्रत्येक हाड लहानपणी तीन तुकड्यांचं, आणि वयात येता येता तिन्ही एकजीव होतात. मुलुंडमधल्या तीन जुन्या सोसायट्या मिळून एक टॉवर व्हावा तसं, फक्त इथं बिल्डर पळून जात नाही. मांडीच्या हाडाचं डोकं त्यात वाटीत लाडू बसावा तसं खोल बसतं. जागा पक्की. श्रोणिमेखला म्हणजे खिडकीची सीट मिळालेला माणूस. उठत नाही, सरकत नाही, कुणाला काही विचारत नाही. अंसमेखला म्हणजे दारातला. एक पाय आत, एक हात दांड्याला, सगळ्यांशी जुळवून घेणारा, आणि पडतो तेव्हा तोच पडतो.

खुब्याच्या तळाशी दोन उंचवटे असतात. आपण बसतो ते त्यांवर. म्हणजे बसण्याचा हिशेब दोन हाडांचा. आता चौथ्या सीटवरचा माणूस आठवा. तिघांच्या बाकावर चौथा. त्याचं एक हाड बाकावर असतं आणि दुसरं पॅसेजमध्ये, हवेत. मी ठाण्याहून येणाऱ्या गाड्यांत वर्षानुवर्षं शरीराच्या डाव्या अर्ध्यावर बसलोय. हाफ सेट म्हणजे काय ते आईला मी तेव्हाच सांगू शकलो असतो.

यावर आमचे बोरिवलीचे मेव्हणे म्हणतात, मध्य रेल्वेवर चौथी सीट तरी मिळते. पश्चिमेला "जरा सरका" म्हटलं तर लोक आधी तुमचा पास कुठला ते बघतात. बोरिवलीकर विरार गाडीत चढलाच तर त्याला बोरिवलीला उतरू देत नाहीत, हे त्यांचं जुनं दुःख. मेव्हणे माझा हात बघायला आले होते, पण बोलले सगळं आपल्या गाडीबद्दल.

बघायला सगळेच आले. पहिला प्रश्न ठरलेला, "गाडीतून पडलात?" आणि शेवाळ ऐकलं की चेहरा उतरायचा. माणूस मुंबईत राहतो, हाड मोडतो, आणि कारण काय तर शेवाळ? दुसऱ्या आठवड्यात मी दोघांना गोष्ट जरा वाढवून सांगितली. त्यात कांजूरमार्ग आलं, गर्दी आली, कुणी तरी दिलेला धक्का आला. मग एकदा रात्री जाग आली आणि घाटकोपर आठवलं. २०१४ च्या जानेवारीत तिथं फलाट आणि गाडीमधल्या फटीत एका विद्यार्थिनीवर काय ओढवलं ते आमच्या मार्गावरच्या कुणी विसरलेलं नाही. त्यानंतर फलाट उंच करण्याची कामं झाली. आज आपण सहज पाय टाकतो तो त्यामुळे. ते आठवलं आणि कांजूरमार्गाची लाज वाटली. सकाळपासून पुन्हा शेवाळ.

प्रत्येकाकडे उपाय होता. वैद्यकाकांनी कुंडीतून कांडवेल तोडून दिली. तळमजल्यावरच्या गृहस्थांनी एक हाडवैद्य सुचवले, जे म्हणे एका झटक्यात जागेवर आणतात. कुठल्या जागेवर, ते मी विचारलं नाही. ऑफिसातल्या मित्रानं पायांचं सूप सांगितलं. आई म्हणाली, "आधी टेबलावर हाडं, आता पातेल्यात हाडं. माझ्या घरात नाही." शेवटी नाचणीचं सत्त्व आणि डिंकाचे लाडू यांवर एकमत झालं. लाडूंचं ठीक, पण पावसाळ्यात डिंकाचे लाडू करायला लावल्याबद्दल बायको अजून बोलते.

समोरच्या काकू आल्या त्या मात्र माझं काहीच न विचारता खुर्चीत बसल्या आणि आपल्या गुडघ्यांबद्दल बोलू लागल्या. त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले. २००० साली पंतप्रधान वाजपेयींचा गुडघा ब्रीच कँडीत बदलला, तेव्हापासून आमच्या पिढीच्या घराघरांत 'गुडघा बदलणे' हे क्रियापद रुळलं. काकू आपल्या उजव्या गुडघ्याला अटलजीच म्हणतात. भाचीनं त्यांना सांगितलं की जन्मलेल्या बाळाच्या गुडघ्यात हाडाची वाटी नसतेच. कूर्चा असते, ती तीन-चार वर्षांनी हाड व्हायला लागते. काकू बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तरी मेली रांगतात बघ घरभर. आणि आपण वाट्या असून लिफ्टची वाट बघतो."

सहा आठवड्यांत एकच गोष्ट आईला मनापासून खटकली. रोज सकाळी ती प्रसाद घेऊन यायची आणि मी डावा हात पुढं करायचो. उजवा झोळीत. ती प्रसाद ठेवायची, पण नजर दुसरीकडे वळवून. एकदा तिनं साखरेचे दाणे सरळ माझ्या तोंडात घातले. बावन्नाव्या वर्षी, बायकोच्या देखत.

भाचीची तोंडी परीक्षा झाली. आधी नडगी दिली, ते जमलं. मग सरांनी हातात कॉलर बोन ठेवलं. ही म्हणते, "मामा, मला हाड दिसेचना. तुझा चेहराच दिसला." पण उत्तर बरोबर आलं: जाड टोक छातीकडे, चपटं खांद्याकडे, गुळगुळीत अंग वर, आतल्या बाजूचा फुगवटा पुढं, म्हणून उजवं. सर म्हणाले, "छान. कशावर पाठ केलंस?"

त्याच आठवड्यात माझा पट्टा सुटला. संध्याकाळी ती पेढे घेऊन आली आणि आल्याआल्या माझ्या शर्टाचं वरचं बटण काढून गळ्याखाली बोटं फिरवायला लागली. हाड जुळलं होतं, पण जुळलं तिथं सुपारीएवढी गाठ राहिली होती. तिनं गाठ चाचपली, वरून, खालून, पुढून. कपाळाला आठ्या पडल्या.

"मामा, हे हाड मला दिलं असतं ना, तर मी नापास झाले असते."

आई पेढ्यांचा खोका देवापुढं ठेवून आली आणि एक पेढा माझ्यापुढं धरला. मी हात पुढं केला.

आईचा हात तिथंच थांबला. "उजवा," ती म्हणाली.